लाल दोरीच्या अलीकडे

वनखात्यातून पाहणीला आलेल्या साहेबांना पाणमांजर दाखवायचं, एवढंच काम होतं. दिसलं तर पाहुण्यांना नदीवर फिरवायचा परवाना गावाकडे राहणार, नाहीतर मोटारबोटवाल्या कंपनीकडे जाणार. मग गावानं पुन्हा सापळे लावून पाणमांजरांची कातडी विकायची की काय? घाईराव पूर्वी तेच करायचा. त्या धंद्यात त्याला मेलं तरी परत जायचं नव्हतं.

घाईराव हे नाव वहिनीनं ठेवलेलं. आज तो पुढे वल्ह्यांवर, वहिनी मागे सुकाणूवर आणि मध्ये साहेब, जीव मुठीत धरून.

घळीत शिरताच नदीनं आपला रंग दाखवला. "डावीकडे! ओढ!" वहिनी ओरडली. धाड्! होडी खडकावर आदळली. फळी तडकली. पाणी आत! साहेब टोपीनंच पाणी उपसू लागले. घाईरावानं दातओठ खात वल्ही मारली आणि होडी एकदाची भोवऱ्यातून सुटली.

वळणापलीकडे पाणी संथ होतं. काठावरच्या झाडाच्या मुळांत पाणमांजराचं बीळ होतं आणि त्याच्या बरंच अलीकडे नदीवर लाल दोरी ताणलेली होती. पिल्लांच्या दिवसांत दोरी ओलांडायची नाही, हे गावानंच ठरवलेलं. बिळातून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती.

"नुसता आवाज काय कामाचा? पुढे घ्या," साहेब म्हणाले.

"वहिनी, थोडंसंच! कोणाला कळतंय?"

"पिल्लांच्या आईला कळेल. घाबरली तर पिल्लं तोंडात धरून कायमची निघून जाईल. आणि आपणच दोरी ओलांडली, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवशील?"

"मग मी 'दिसलं नाही' असंच सांगणार!" साहेब कडाडले.

"खुशाल सांगा!" वहिनीनं होडी वळवली.

घाईरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतताना तो वल्ही पाण्यावर आपटतच राहिला.

परवाना गेलाच. मोटारबोट आली, पण घळीतले खडक चुकवणार कोण? कंपनीचा मॅनेजर थेट घाईरावाकडे आला. घाईराव होडीची तडकलेली फळी बदलत होता.

"मागशील तो पगार देतो. सुकाणू धर. पाहुण्यांना पिल्लं अगदी जवळून दाखवायचीत."

घाईरावाच्या कानात ती चिवचिव घुमली. आज त्यानं उत्तराची घाई केली नाही.

"नेतो की. पण दोरीपर्यंत."

"अरे, परवाना आमचा आहे!"

"असेल! मग न्या की बोट तुमची तुम्हीच!"

मॅनेजर दारोदार हिंडला. गावातल्या प्रत्येक नावाड्यानं त्याला हेच ऐकवलं. पिल्लं पोहायला शिकून दोरीपर्यंत आली, तरी मोटारबोट धक्क्यालाच बांधलेली होती.