न घोरणारे आजोबा

"पळा! पळा! धुकं आलं!" भोंगा ओरडला आणि सगळे गाडीकडे धावत सुटले.

भोंगा म्हणजे टिटवीचा धाकटा भाऊ. त्याचा आवाज डोंगरापलीकडे जायचा, म्हणून ते नाव. टिटवीला तिचं नाव बाबांनी ठेवलं होतं, कारण जरा कुठं खुट्ट झालं की ती घर डोक्यावर घ्यायची.

सुट्टीसाठी बाबांनी गाडी भाड्यानं आणली होती. सकाळी डोंगर, दुपारी समुद्र, असा झकास बेत! तीन रांगांची पांढरीशुभ्र गाडी, आणि थंडीसाठी गाडीवाल्यानं सोबत दिलेलं चौकड्यांचं पांघरूण. ते डोक्यावरून घेऊन आजोबा मागच्या सीटवर सकाळपासून घोरत होते. देखावा बघायला उतरतानाही त्यांना कुणी उठवलं नाही. ते गुदमरू नयेत म्हणून बाबांनी पंखा चालू ठेवला आणि किल्लीही तशीच राहू दिली.

"आजोबांकडे लक्ष ठेव हं," असं आईनं निघताना बजावलं होतं. टिटवीनंही ऐटीत मान डोलावली होती.

बाबा गाडीत बसले ते गुडघे आपटूनच. "आँ? ही सीट पुढे कशी आली? असो, भाड्याची गाडी, चालायचंच!"

गाडी उताराला लागली. भोंग्यानं बिस्किटांसाठी सीटखाली हात घातला. हाताला लागली वाळू. ओलीगच्च!

"बाबा, आपण समुद्र अजून पाहिलासुद्धा नाही," टिटवी म्हणाली. "मग ही वाळू कुठून आली?"

"आधीच्या गिऱ्हाइकाची असेल. भाड्याची गाडी, चालायचंच!"

"पण ओली आहे!"

"झाली हिची टिवटिव सुरू!" आई हसली.

टिटवी गाल फुगवून गप्प बसली. आणि गप्प बसल्यावर तिच्या लक्षात आलं, मागून आवाजच येत नाहीये! सकाळपासून चाललेली करवत बंद! 

"बाबा, आजोबा घोरत नाहीयेत!"

"वा! एकदाचे थांबले. झोपू दे त्यांना."

"मी बघते मागे जाऊन."

"खबरदार बेल्ट काढलास तर! घाट आहे," आईनं दटावलं.

टिटवी भोंग्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. भोंग्याचे डोळे चमकले.

"बाबाऽऽ! मला उलटी होतेय! आत्ताऽऽ!"

आजोबांसाठी न थांबलेले बाबा भाड्याच्या सीटसाठी मात्र कचकन थांबले! टिटवीनं मागे उडी मारली आणि पांघरूण ओढलं.

आत एक अनोळखी आजी होत्या! चष्मा कपाळावर, केस विस्कटलेले.

"आलं का घर?" त्यांनी डोळे किलकिले केले. "अगं बाई! तुम्ही कोण? माझा मुलगा कुठाय?"

"आणि माझे आजोबा कुठायत?" टिटवीला रडूच फुटलं.

बाबांनी खाली उतरून गाडीचा नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. धुक्यात ते त्याच गाडीवाल्याच्या, हुबेहूब तशाच दुसऱ्या गाडीत बसले होते! आजींसाठी त्यांच्या मुलानंही किल्ली आतच राहू दिली असणार. फोनला रेंज नव्हती.

"वाळू ओली, म्हणजे ते समुद्राकडून आलेत. वर डोंगरात गेले असणार. मी गाठतोच त्यांना!" बाबा म्हणाले.

"वर इतके फाटे आहेत, कुठल्या फाट्याला शोधणार?" आई म्हणाली. "आपण खाली पोलीस चौकीत जाऊ."

टिटवीनं नाक पुसलं. "नाही! चुकामूक झाली तर इकडेतिकडे पळायचं नाही. शेवटचं जिथं एकत्र होतो, तिथंच जाऊन थांबायचं. आजोबांनीच शिकवलंय मला. ते तिथंच येतील!"

"आणि नाही आले तर?"

"येतील! गाडी भाड्याची असेल बाबा, पण आजोबा आपले आहेत!"

"पोरीला अक्कल आहे," आजींनी निकाल दिला. "वळव रे गाडी!"

बाबांनी मुकाट्यानं गाडी वळवली.

पण वर कुणीच नव्हतं. ओला कठडा आणि धुकं, बस्स. टिटवी कठड्याला टेकून उभी राहिली. आजोबा झोपेतच भलतीकडे गेले असतील तर? जागे झाल्यावर घाबरले असतील तर? बाबा दोनदा घड्याळ बघून झाले. "चला, चौकीत जाऊ," असं ते म्हणणार, तेवढ्यात धुक्यात दोन दिवे लुकलुकले.

हुबेहूब तशीच पांढरी गाडी! खिडकीतून एक टक्कल बाहेर आलं.

"बघा! म्हटलं नव्हतं, माझी टिटवी इथंच असणार?"

"आजोबाऽऽ!" टिटवीनं धावत जाऊन त्यांना घट्ट मिठी मारली.

आजींचा मुलगा ओशाळून खाली उतरला. "आम्हाला वाटलं, आज आई जरा जास्तच घोरतेय!"

"मी? आणि घोरते?" आजी कडाडल्या, तशी हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

"जाग आल्या आल्या यांना गाडी फिरवायला लावली," आजोबा म्हणाले. "शिकवलेलं विसरणारी नात नाही माझी!"

बाबांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. यापुढं तू ओरडलीस की आधी गाडी थांबवीन, मग कारण विचारीन. शाबास गं!"

"आणि मी? उलटी कुणी केली?" भोंगा गरजला.

"न करता इतकी छान उलटी कुणालाच जमली नसती!" आईनं त्याचा गालगुच्चा घेतला.

आपल्या गाडीत बसल्यावर बाबांनी आधी मागे वळून एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं. मगच गाडी निघाली. एका वळणावर धुकं सरलं आणि खाली दूरवर निळंशार पाणी चमकलं.

"आजोबा, समुद्र!" टिटवी ओरडली.

मागून उत्तर आलं, "घर्रर्र... घुर्रर्र..."

"हे आपलेच!" भोंगा म्हणाला.