फेरारातल्या धुक्यात डबलसीट

विश्वास ठेवा, असा आग्रह मी करणार नाही. नुन्झिया माझ्याच वॉर्डात नर्स आहे. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना मात्र ते पांढरेफटक पडले होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

नोव्हेंबरातला रविवार. दुपारचे चार.

सिसिलीतल्या खेड्यातून इटलीच्या उत्तरेला, फेरारात येऊन तिला जेमतेम आठ दिवस झाले होते. शहर पाहायला म्हणून तिने एक जुनी सायकल घेतली. घरमालकीण झोराइदे सत्तरीची. ती दारातच हसली.

"या धुक्यात निघालीस? स्वतःचं नाक तरी दिसतंय का?"

"नाक कुठे जातंय, मावशी? शहर बघायचंय."

"मग शहराच्या जुन्या तटाच्या भिंतीवरून जा. गोल रस्ता आहे, आंधळासुद्धा फिरून घरी येतो. आणि लवकर ये, भोपळ्याचं सारण भरून पास्त्याचे कापेलाच्ची केलेत. गार झाले तर मी गरम करणार नाही!"

सुरुवातीला तिला मजा वाटली. झाडांचे नुसते बुंधे दिसत होते, फांद्या धुक्यात गडप. खाली कुठेतरी चर्चची घंटा वाजत होती. तिकडे जाऊन बघावं, म्हणून ती एका उतारावरून खाली उतरली.

आणि वाट चुकली.

गल्ली. पुन्हा गल्ली. बंद खिडक्या. चिटपाखरू नाही.

मग लक्षात आलं... घंटाही थांबली होती.

तेवढ्यात पुढे... ट्रिंग.

एक बाई सायकलवरून चालली होती. राखाडी कोट, डोक्याला रुमाल. मागे लहान मुलाची खुर्ची.

"ताई, तटाकडे कुठून जायचं?"

"माझ्या मागून ये." बाई वळलीसुद्धा नाही. "मी तिकडेच चाललेय."

नुन्झियाला हायसं वाटलं. बाई मागच्या लेकराशी बोलत होती.

"घट्ट धर हं, राजा. आलंच आता. झोपू नकोस."

नुन्झिया थोडी जवळ गेली...

खुर्ची रिकामी होती.

मुलाला कुठे सोडून आली असेल, सवयीने बोलत असेल. तिने मनाची समजूत घातली.

मग तिची स्वतःचीच सायकल जड झाली.

पेडल रेटवेना. मागे कुणी डबलसीट बसलं की सायकल डुलते ना, तशी डुलली.

आणि कमरेला, दोन्ही बाजूंनी... चिमुकले हात.

गारठलेले. कोटातून ओल आत झिरपत होती.

मागे बघायची हिंमत होईना, थांबायचीही होईना. पुढून बाई हाका मारत होती, "चल, चल! मागे पडू नकोस!" पाय आपोआप जोरात फिरायला लागले.

तेव्हा पाठीशी, कोटात तोंड खुपसून बोलावं तसा आवाज आला.

"तू थांब. आई थांबत नाही."

तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल घसरली, आडवी झाली. गुडघा फुटला. पुढचं चाक हवेत गरगरत होतं... आणि त्याच्या खाली काळं पाणी.

कालवा. कठडासुद्धा नाही.

पाण्यावरून चेनचा आवाज पुढे पुढे जात होता. कर्रर्र... कर्रर्र... पाणी उडाल्याचा आवाज काही आला नाही.

मग चेन थांबली. धुक्यातून बाईने विचारलं, अगदी साध्या आवाजात...

"पोरी, तो तुझ्याजवळ आहे का?"

नुन्झिया सायकल टाकून पळत सुटली.

मागून बारीक हाक आली.

"मलाही ने ना."

तिने वळून पाहिलं नाही.

एका बारमध्ये पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिला घरी पोचवलं. झोराइदेने गुडघा पुसला, सगळं ऐकून घेतलं. कोट उलटसुलट करून पाहिला. कमरेपाशी दोन ओले डाग होते, तळहाताच्या निम्म्याएवढे.

"कोण होती ती, मावशी?"

"माझा जन्म इथला. असलं कधी कानावर आलं नाही." मग तिने हळूच विचारलं, "तू त्याला उत्तर नाही ना दिलंस?"

"नाही."

झोराइदेने दाराच्या कुलपात दोनदा किल्ली फिरवली.

सकाळी दोघी सायकल आणायला गेल्या. ती पाण्यापासून लांब, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती.

याला दोन वर्षं झाली. बाईची भीती आता तेवढी वाटत नाही, असं नुन्झिया म्हणते. पण धुकं पडलं की ती मागची बारीक हाक आठवते आणि तिला घास उतरत नाही.

परवा तिने मला विचारलं, "लहान मुलं किती दिवस वाट बघतात गं?"