काचेच्या पेटीतले नऊ मासे

कराडच्या स्टँडवर चिपळूणच्या एस.टी.तून उतरताना पुढच्या माणसाच्या कॅनचं झाकण उडालं आणि माझी प्रॅक्टिकलची वही भिजली. मी रागानं बघितलं.

"घाबरू नका," तो म्हणाला, "नुसता समुद्र हाय."

लालासाहेब नौदलातून सुटून साखर कारखान्यात फिटर झाला होता. मलकापुरात, आमच्याच गल्लीत, त्यानं काचेच्या पेटीत समुद्राचं पाणी भरून पिवळ्या पट्ट्यांचे दोन मासे पाळले होते. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून ते बघायला गेले आणि मग जातच राहिले.

"दोनच का?" मी एकदा विचारलं.

"पेटी एवढीशी. आणखी एक सोडायचा, तर महिनाभर थांबायचं. घाई केली की पाणी नासतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला घाई न्हाई... तुमाला हाय का, अंजना?"

माझे कान तापले.

पुढं तो कामासाठी दहा दिवस पुण्याला गेला. मासे माझ्यावर सोपवून. त्याच आठवड्यात कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली. खडकांतल्या डबक्यांतून मी सात इवलेसे निळे मासे धरून आणले आणि एकदम पेटीत सोडले. भरलेली पेटी बघून त्याचे डोळे कसे हसतील — एवढंच डोक्यात होतं. त्याची आई बनुबाई घरातच होती, पण मोतीबिंदूमुळे तिला काचेआड नुसती हालचाल दिसायची. मीही काही सांगितलं नाही.

तिसऱ्या सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. नऊच्या नऊ मासे उलटे तरंगत होते.

सात निळे मासे मी परसात पुरले. हात धुते तोच तो दारात. दोन दिवस आधीच आला होता.

"पेटीचा हवेचा पंप... बंद होता," मी म्हणाले.

त्यानं आईकडे बघितलं. हाताला लागेल ते बटण बंद करायची तिला सवय होती.

"माज्याच हातनं झालं आसंल रं," बनुबाई म्हणाली.

तो न जेवता निघून गेला. ती पदरानं काच पुसत राहिली. आणि मी गप्प घरी आले.

चार दिवस मी तिकडं फिरकले नाही. पाचव्या दिवशी बनुबाईच चाचपडत आमच्या दारात आली. "पोरी, येत न्हाईस. राग आला व्हय माजा?"

मी तिचा हात धरून तिला घरी नेलं. तो अंगणात होता.

"पंप चालू होता," मी म्हणाले. "सात मासे मीच सोडले. तुम्ही सांगितलेलं ठाऊक असून. आणि मावशींवर ढकललं."

तो आधी आईच्या पायाशी वाकला. "आये, चुकलं माजं."

नंतर मला विचारलं, "कशापायी आणलं सात?"

"तुम्हाला... आवडेल म्हणून."

"मासं गेलं त्याचं वाईट वाटलं. खोटं बोललात, त्याचं लय वाटलं. पर पुण्यास्नं दोन दिस आदी पळत आलो, ते मासं बघायला न्हवं."

बनुबाई आत गेली.

मला मान वर करायला बराच वेळ लागला. केली, तेव्हा तो अजून तिथंच उभा होता.