नांदरुकाची साक्ष

झाड आलं त्या दिवशी हत्तुऱ्यांच्या घरात जावई येणार असल्यासारखी धावपळ झाली. व्हरांड्यात सकाळचं ऊन पडेल आणि दुपारचं पडणार नाही अशी जागा शोधली गेली, स्टूल पुसलं गेलं, आणि संरक्षण केंद्राच्या वैजयंती बिराजदार मॅडमनी हातभर उंचीचं नांदरुकाचं झाड दोन्ही हातांनी अलगद त्यावर ठेवलं. उथळ कुंडी, मातीबाहेर आलेली जाड मुळं, वर गच्च हिरव्या पानांची छत्री. वडाच्या कुळातलं झाड, पण सगळा पसारा एका ताटात मावेल एवढा.

"सोलापूरची कोरडी हवा याला मानवत नाही," मॅडम सांगत होत्या. "कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेला ट्रे ठेवायचा. वरून तांब्याभर पाणी ओतून भागत नाही. कुंडी टबात काठापर्यंत बुडवायची. मातीतून बुडबुडे येतात. ते थांबले की समजायचं, माती पोटभर प्यायली. पण आधी बोटानं चाचपायचं. ओल असेल तर पाणी नाही. नवखे लोक झाडं पाणी घालून घालूनच मारतात."

"आणि लाल कशानं होतं ते?" राजशेखरने विचारलं. गणवेश शिवायच्या कारखान्यात तीस शिलाई मशीन चालवणारा माणूस, पण आज आवाज बसल्यासारखा येत होता.

"रागानं." मॅडमनी एक पान बोटांत धरलं. "माणूस संतापला की त्याच्या घामातून एक वास सुटतो. आपल्याला येत नाही, याला येतो. शास्त्रज्ञांनी तशी जनुकं बसवलीत याच्यात. त्या वासाला आम्ही क्रोधगंध म्हणतो. पाणी जास्त झालं तर पान पिवळं पडेल, जागा बदलली तर गळेल. लाल मात्र फक्त क्रोधगंधानंच होतं, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात."

कुंडीजवळ त्यांनी सुपारीएवढा कॅमेरा चिकटवला. तो माणसांची चित्रं घेत नव्हता. कायद्याने तशी मनाईच होती. तो फक्त पानांचा रंग बघणार होता. रंग बदलला की केंद्रात घंटा वाजणार आणि घरातल्या ज्या माणसाला शिक्षा झाली आहे, त्याची रवानगी तुरुंगात. राजशेखरने आदल्या वर्षी भर गल्लीत बायकोचा जबडा मोडला होता. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी दोन वर्षं झाड सांभाळायची शिक्षा दिली होती.

त्याची बायको शिवलीला दाराशी उभी राहून ऐकत होती. जाताना मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता काळजी नको. झाड खोटं बोलत नाही."

पहिल्याच महिन्यात ते लाल झालं. राजशेखर फोनवर कटिंग मास्तरला शिव्या घालत होता आणि बोलता बोलता शेंड्याची कोवळी पानं तांब्यासारखी झाली. केंद्रातून माणसं आली. पहिली वेळ, म्हणून ताकीद मिळाली आणि राग आवरायच्या वर्गात नाव घातलं गेलं.

वर्गात तो मन लावून गेला. श्वास सावकाश घ्यायचा, पोटात धरायचा, नाकानं हळूहळू सोडायचा. घरी आला की झाडासमोर पाट टाकून बसायचा. कडेला वळलेली कात्री, पक्कड, तांब्याची तार अशी हत्यारं त्याने मागवली. कोणती फांदी छाटायची, कुठे नवा डोळा फुटेल, हे त्याला हळूहळू उमगत गेलं. पानं पुसताना तो गुणगुणायचा. शेजारी म्हणाले, माणूस बदलला. शिवलीलालाही काही दिवस तसंच वाटलं, आणि त्या काही दिवसांत ती रात्री गाढ झोपली.

मग एकदा आमटीत मीठ जास्त पडलं.

राजशेखरने वाटी बाजूला सरकवली. डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला, धरला, सोडला. पुन्हा घेतला. शिवलीला समोर बसून बघत होती. चेहऱ्यावरची शीर हळूहळू बसली, खांदे उतरले, आणि तो शांतपणे म्हणाला, "हात दे."

तिला वाटलं, समजूत काढतोय. तिने हात दिला. त्याने तिची करंगळी धरली आणि फांदी वाकवावी तशी मागे वाकवत नेली. घाई नव्हती. कड् असा आवाज आला तेव्हाही त्याचा श्वास एका लयीत चालला होता.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "झाडाला त्रास होईल."

वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तिची पहिली नजर व्हरांड्याकडे गेली. नांदरुक हिरवंगार होतं.

त्यानंतर असंच होत राहिलं. पूर्वी तो संतापायचा तेव्हा ती पळू तरी शकायची. आवाज चढला की दार गाठायची. आता चाहूलच लागत नव्हती. श्वास सुरू झाला की तिचे पाय जागीच थिजायचे. इस्त्री, पट्टा, दाराची फट. सगळं सावकाश, निवांत, कपड्याखाली झाकेल अशा बेताने. एका रविवारी तो झाडाला पाणी पाजत होता. कुंडी काढून झाल्यावर त्याने तिला हाक मारली, मानेला धरून तिचं तोंड त्याच टबात दाबलं. गढूळ पाणी तिच्या नाकातोंडात गेलं, हात टबाच्या कडेवर आपटत राहिले. छाती फुटायची वेळ आली तेव्हा त्याने तिला वर काढलं आणि टॉवेल पुढे केला.

"बुडबुडे थांबायच्या आत काढलं," तो म्हणाला. "मी काही राक्षस नाही."

ती घामाने निथळत होती. पण तो घाम भीतीचा होता, आणि भीतीचा वास झाडाला कळत नव्हता.

मॅडम तपासणीला आल्या तेव्हा तिने करंगळी दाखवली. वाकडीच जुळली होती. मॅडमनी ती पाहिली, मग केंद्रातली नोंद पाहिली. गेल्या सात महिन्यांत एकही लाल पान नाही.

"कधी लागलं हे?"

"त्यांनी मोडली. रागावले नव्हते, मॅडम. शांतपणे मोडली."

वैजयंतीताईंनी तिचा हात हातात घेतला. "ताई, रागाशिवाय कुणी असं करतं का? जुनी भीती मनातून लवकर जात नाही. आमच्या समुपदेशकांना भेटता का?" त्यांच्या बोलण्यात कळवळा होता, खोटं काहीच नव्हतं. शिवलीलाने अक्कलकोटला वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सरकारनं घरात झाड बसवलंय. आणखी काय पाहिजे?"

उन्हाळा संपता संपता केंद्राने ठरवलं की नव्याने शिक्षा झालेल्यांना झाडांची देखभाल राजशेखरने शिकवावी. जिल्ह्यात इतकं निरोगी नांदरुक दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पहिला वर्ग त्याच्याच व्हरांड्यात भरला. आठ पुरुष सतरंजीवर मांडी घालून बसले, प्रत्येकाच्या पुढ्यात वितीएवढं रोप, कुंडीला तसाच सुपारीएवढा कॅमेरा. मॅडम फाटकाशी गाडीतून उरलेल्या कुंड्या उतरवून घेत होत्या. शिवलीला आत चहा गाळत होती, आणि स्वयंपाकघराची खिडकी व्हरांड्यातच उघडत होती.

राजशेखरने छाटणी दाखवली, तार कशी गुंडाळायची ते दाखवलं. मग श्वास शिकवला. आठही जणांनी डोळे मिटून घेतला, सोडला.

"राग आला की काहीही करायचं नाही," तो म्हणाला. "हात बांधून बसायचं. राग पूर्ण उतरू द्यायचा."

"आणि उतरल्यावर?" कुणीतरी विचारलं.

राजशेखरने फाटकाकडे एक नजर टाकली. "उतरल्यावर काय करायचं ते कर. झाडाला थोडंच कळतंय?"

ज्याला त्याला अर्थ कळत गेला तसं हसू पसरत गेलं. एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं.

शिवलीलाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तिला आठ स्वयंपाकघरं दिसली. आठ बायका, आज रोप घरी येणार म्हणून जागा पुसून ठेवणाऱ्या. आज रात्री गाढ झोपणाऱ्या. तिची कानशिलं तापली, दातांवर दात बसले. वर्षानुवर्षं तिच्या मनात नुसती भीती होती. ही भीती नव्हती.

ती बाहेर आली. चहाचा ट्रे तिच्या हातात नव्हता.

राजशेखर खाली वाकून एकाच्या रोपाची तार नीट करत होता. स्टुलावरची जड पक्कड तिने उचलली आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर हाणली. गालाचं हाड फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो कोलमडला, तिने दुसरा घाव घातला तो आडव्या आलेल्या हातावर. "शिकवतो?" ती किंचाळत होती. "हे शिकवतो यांना?" रक्त सतरंजीवर, कुंड्यांच्या मातीत उडालं. दोघा-तिघांनी तिला मागून कवेत धरून ओढलं. तिने एकाच्या मनगटाचा चावा घेतला.

"अरे, झाडं बघा!" कुणीतरी ओरडलं.

शेंड्यापासून खाली, आग पसरावी तसं मोठं नांदरुक तांबूस, मग लाल होत चाललं होतं. आणि सतरंजीवरची आठही रोपं.

मॅडम धावत आत आल्या. त्यांच्या खिशातला फोन थांबायचं नाव घेईना. केंद्रात नऊ घंटा एकदम वाजत होत्या.

"मॅडम, आमचा नाही राग!" पुरुष एकावर एक बोलू लागले. "हिचा आहे! आम्ही बसलो होतो गपचूप!"

राजशेखर भिंतीला टेकून बसला. एक डोळा मिटला होता, हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. अशाही अवस्थेत त्याने श्वास घेतला, धरला, सोडला. "साक्षीदार आहेत मॅडम," तो तुटक्या दातांतून म्हणाला. "राग तिचा आहे. झाड खोटं बोलत नाही."

शिवलीलाने पक्कड खाली टाकली. "माझाच आहे," ती म्हणाली.

वैजयंतीताईंनी त्या शांत, रक्ताळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग शिवलीलाच्या हाताकडे, वाकड्या करंगळीकडे. बराच वेळ पाहिलं. त्यांनी काही विचारायच्या आधीच सतरंजीवरून एक जण उठला. अंबादास नावाचा मेकॅनिक होता. मनगटावर शिवलीलाच्या दातांच्या खुणा होत्या.

"मॅडम, हे आत्ता काय शिकवायलेत ते सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "मीबी हसलो त्यात. पण सांगतो."

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं. बाकीचे सात जण आपापल्या लाल रोपांकडे बघत बसले.

राजशेखरला पोलिसांच्या पहाऱ्यात रुग्णवाहिकेने नेलं. शिवलीलाला मॅडमनी स्वतःच्या गाडीत बसवलं. करंगळीचा एक्स-रे, अंगावरच्या खुणांची नोंद, मग पोलीस ठाणे.

"गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल," त्या गाडी चालवता चालवता म्हणाल्या. "मला थांबवता येणार नाही."

"होऊ दे."

"तुम्ही मला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी झाडाचं ऐकलं."

शिवलीला खिडकीबाहेर बघू लागली. तिचे हात अजून गरम होते. गाडी विजापूर रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत अधूनमधून ओळखीची उथळ कुंडी दिसत होती. न्यायालयाने दिलेली, निगा राखलेली, टवटवीत हिरवी नांदरुकं. एका गॅलरीत एक बाई कुंडी टबातून उचलत होती. तिने लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला होता, भर उन्हात.

"मॅडम, गाडी थांबवा," शिवलीला म्हणाली. "दवाखाना कुठे पळून जात नाही. आधी वर जाऊन तिला विचारायचं का?"