छाट विड्यांची टोपली

सावित्रम्मानं टोपली टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं ओढून काढलं.

"बघा साहेब. पंधरा दिवसांची आमची मेहनत मातीत गेली."

खाजगी गुप्तहेर शिवयोगी हत्तुरे पुढे झुकले. त्यांच्या मागून रावजी मान्यांनीही मान लांब केली. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून रावजी हत्तुऱ्यांसोबत असत. त्यांचं डोकं सावकाश चाले, पण एकदा चाललं की चुकीच्या दिशेनंही मोठ्या ठामपणे चाले.

टोपलीत विड्यांच्या जुड्या होत्या. कुणाचं पान फाटकं, कुणाचं तोंड उघडं. प्रत्येक जुडीला एकेका बाईच्या नावाची चिठ्ठी होती.

सावित्रम्मा विडी कामगार बायकांच्या युनियनची पुढारी. सोलापुरात १९७३ साली चारशे बायकांना एका कारखान्याविरुद्ध उभं करणं म्हणजे गंमत नव्हती. बायका घरी विड्या वळून कारखान्यात नेत. तिथला तपासनीस चांगला माल हसत हसत छाट, म्हणजे नापास, ठरवून फेकी, आणि छाट विड्यांची मजुरी मिळत नसे. म्हणून बायकांनी पंधरा दिवस छाटलेल्या विड्या पदराआड परत आणल्या होत्या. कामगार अधिकाऱ्यांना दाखवायचं होतं, की बघा, यात खोट कुठं आहे?

"आज तीन वाजता सुनावणी हाय," सावित्रम्मा म्हणाली. "सकाळी फडकं उचललं तर वरच फाटकी पानं. हात न लावता तशीच हिकडं आले. आमचा चांगला माल कुणीतरी बदलला. टोपली युनियनच्या खोलीत हुती, आन् किल्ली माझ्याबिगर तिघांकडंच. आन् आता बायका एकमेकींकडं संशयानं बघाय लागल्यात. केस गेली तर परत लढता येईल साहेब. बायका फुटल्या तर न्हाय."

हत्तुऱ्यांनी एक विडी उचलली, नाकाशी नेली, मग कानाशी धरून बोटांनी दाबली. साहेब विडी ओढत नाहीत हे ठाऊक असल्यानं रावजी चकित झाले.

"चला, तुमच्या खोलीवर," हत्तुरे म्हणाले.

किल्ली असलेल्या तिघांपैकी खोलीत पहिली आली सोजरबाई. तिची हयात विड्या वळण्यात गेली होती.

"विडीचा प्रवास सांगा बघू," हत्तुरे म्हणाले.

"आमी वळायची, जुडी बांधायची. दोऱ्याचं टोक आत खोचायचं, गाठ मारत न्हाय, मोजताना सोडाय लागतं की. मग तपासनीस बघतो. चांगली ती भट्टीत भाजाय जाती. छाट कच्चीच हौदात बुडवून टाकतो, असं मालक सांगतो."

"बुडवताना कुणी पाहिलं?"

"आमाला आत कुटं सोडतात?"

मग आला युनियनचा लेखनिक निंगप्पा. अर्ज, चिठ्ठ्या, सगळं त्याच्याच अक्षरात. हत्तुऱ्यांनी सुनावणीचा अर्ज मागितला. त्यानं कागदांवरच्या फितीचा फास एका हिसक्यात सोडला, आणि वाचून झाल्यावर तसाच पुन्हा बांधला.

"या विड्यांबद्दल काय म्हणता?"

निंगप्पानं एक विडी निरखली. "काय म्हणणार साहेब? बायकांनीच वळलेल्या दिसतात. घाईत हात बिघडतो."

शेवटी जगदेवी. दारातल्या बायकांनी तिला वाट देताना अंग चोरून घेतलं. तिचा नवरा त्याच कारखान्याच्या भट्टीवर कामाला होता. तेवढं पुरेसं झालं होतं.

तिनं विडी हातात घेतली मात्र, कपाळाला आठी पडली.

"ही तर भाजलेली हाय की."

दारात कुजबुज उठली. रावजी हत्तुऱ्यांच्या कानाला लागले. "साहेब, भट्टीवाल्याची बायको. स्वतःच्या तोंडानं कबूल झाली."

"उलट, रावजी, स्वतःच्या तोंडानं सुटली."

हत्तुऱ्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"या विड्यांना भट्टीचा वास आहे, दाबल्या की कुरकुरतात. वळणाऱ्या बाईच्या बोटांना हे स्पर्शालाच कळतं. तुमची छाट कच्ची होती. सोजरबाईंनी किंवा जगदेवींनी बदल करायचा ठरवला असता, तर त्यांनी घरात बसून कच्च्या वाईट विड्या वळल्या असत्या. भाजलेल्या टोपलीत टाकून स्वतःची मान कोण अडकवेल? आणि जगदेवींनी तर ते सर्वांदेखत बोलून दाखवलं. हे ज्याला कळलंच नाही, त्यानं आयुष्यात विडी वळलेली नाही."

त्यांनी एक जुडी उचलली. दोऱ्याला गाठ होती, फितीसारखा फास. एका हिसक्यात सुटला.

"बायका टोक आत खोचतात. निंगप्पा, हा फास तुमच्या हाताला जडलेला आहे. चिठ्ठ्या काढून या जुड्यांवर तुम्हीच बांधल्यात."

निंगप्पा खाली बसला. "मला तपासनीस करतो म्हणाले," तो पुटपुटला. "छाट विड्यांचं पोतं कारखान्याच्या मुनीमानं दिलं. मी उघडून जुड्या बांधल्या, बस्स."

"तरी आमचा पुरावा गेलाच की," सोजरबाई म्हणाली.

"गेला कुठं? मुनीमाला टोपलीभर छाट हवी होती, आणि कच्ची छाट त्याच्याकडं नव्हती. का नव्हती? ती हौदात जातच नाही. भट्टीत जाते, चांगल्या मालात मिसळते आणि विकली जाते. ज्याची मजुरी तुम्हाला नाकारली, तो माल कारखाना विकतो. तुमच्या टोपलीनं एवढं सिद्ध झालं नसतं."

रावजींना ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी नकळत टोपी काढली.

निंगप्पाच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोघींना सावित्रम्मानं हातानं अडवलं. "मारायचं न्हाय. त्यो चालंल आपल्या संगं, आन् सायबाफुडं हेच सांगंल."

निंगप्पानं मान हलवली. मग सावित्रम्मा जगदेवीकडं वळली.

"पोरी, मी पण तुझ्यावर संशय घेतला. चुकले."

तीन वाजता कामगार कचेरीच्या आवारात चारशे बायका उभ्या होत्या. एका दिवसाची वळणी सोडून आल्या होत्या, म्हणजे घरी चूल कशी पेटणार हे माहीत असून आल्या होत्या. रावजींनी नोकरीत अनेक जमाव पांगवले होते. हा जमाव पाहून त्यांचा ऊर भरून आला.

आत मालकाच्या वकिलांनी छाट कच्चीच बुडवली जाते, असं ठासून सांगितलं. सावित्रम्मानं ते अधिकाऱ्यांकडून लिहून घेतलं, आणि मगच टोपली पुढे केली. निंगप्पाची जबानी झाली. अधिकाऱ्यांनी विडी हुंगली, दाबली, आणि वकिलांकडे बराच वेळ पाहिलं.

हुकूम झाला. यापुढे छाट युनियनच्या प्रतिनिधीसमोरच काढायची, आणि तिथंच मोडायची.

"प्रतिनिधी कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सावित्रम्मा उठली. ती खिडकीशी गेली आणि आवारातल्या बायकांना तोच प्रश्न विचारला.

खालून सोजरबाईचा आवाज आला, "जगदेवी." मग दुसरा, मग दहा, मग मोजता येईनात इतके. सकाळी अंग चोरणाऱ्या बायका तिला हाताला धरून जिन्यानं वर घेऊन आल्या.

"सही करता येते का बाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"येती की," जगदेवी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून तिनं लेखणी घेतली.