भंगारातून आणलेलं लॉक

मुलांना समजावून सांगण्यात माझी हयात गेली. वीज कशी वाहते, चुंबक का ओढतं, कुलपात किल्ली फिरली की आत नेमकं काय होतं... विचारा, मी फळ्यावर काढून दाखवतो.

ही एक गोष्ट मात्र मी मुलांना सांगत नाही.

ती ऐकीव नाही. माझ्या घरामागच्या शेडमध्ये, रविवारी, भर दुपारी घडलेली आहे. अंधार नव्हता, लाइट गेलेली नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं. पटली तर घ्या, नाहीतर विसरून जा. मला विसरता आली असती तर मीही विसरलो असतो.

माझा धाकटा भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. सगळे त्याला गारेगार म्हणतात. डोकं मात्र कायम तापलेलं. त्याची सगळी हत्यारं पिकअपच्या हौद्यात असतात. हौद्यावर त्याने पत्र्याचं पक्कं झाकण बसवून घेतलं आहे. आत जायची वाट एकच, मागचा फाळका, म्हणजे मागचं पत्र्याचं दार. गाडीची दारं बटणावर लॉक व्हायची, पण फाळक्याला किल्लीचं साधं कुलूप. ते फोडून चोरांनी दोनदा हत्यारं नेली होती.

सोमवारपासून त्याला एका हॉस्पिटलचं काम मिळालं होतं. गाडी दिवसभर रस्त्यावर उभी राहणार. पुन्हा हत्यारं गेली असती तर हे काम हातचं गेलंच असतं, आणि पुढचंही कोणी दिलं नसतं.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच फाळक्यात छोट्या मोटारवर चालणारं लॉक देते. दारं लॉक केली की फाळकाही लॉक. गारेगारने भंगारवाल्याकडून, मोडीत निघालेल्या तशाच एका गाडीचं लॉक मिळवलं.

"दादा, ओरिजिनल आहे. दोन तासांचं काम," तो म्हणाला.

ज्याने घरात एकदा तरी नळ दुरुस्त करायला घेतला आहे, त्याला दोन तासांचं काम म्हणजे काय ते माहीत असेल.

सकाळ नुसती वायर ओढण्यात गेली. चालकाच्या दाराखालून काढायची, तळातल्या रबरी बुचातून खाली न्यायची, चासीला बांधत बांधत मागच्या दिव्यापाशी आणायची. फाळक्याच्या आतले स्क्रू गंजून बसलेले. एक तुटला. एक हातातून निसटला तो जणू जमिनीनेच गिळला. गारेगारने त्या स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुपारी एकदाची जोडणी झाली.

अशा मोटारला दोनच वायरी असतात. वीज एका दिशेने गेली की लॉक लागतं, उलट्या दिशेने गेली की उघडतं. मुलांना मी हे खेळण्यातल्या गाडीवर दाखवतो. सेल उलटा घातला की चाकं उलटी फिरतात. इतकं सोपं.

गारेगार पुढे बटणापाशी बसला. मी मागे, फाळक्याला कान लावून. मध्ये झाकण असल्यामुळे त्याला मी दिसत नव्हतो. म्हणून शब्द ठरवले. मी "लाव" म्हटलं की त्याने लॉक लावायचं. "सोड" म्हटलं की उघडायचं.

"लाव."

खट्.

फाळका ओढून पाहिला. घट्ट. मला बरं वाटलं. शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात...

खट्.

लॉक उघडलं.

"अरे, उघडलंस कशाला?"

"तूच म्हणालास, सोड."

"मी काही बोललो नाही."

"बरं. लावू परत?"

"लाव."

खट्. मी ओढून पाहिलं. घट्ट. आणि पुन्हा...

खट्.

"दादा, एक काहीतरी सांग ना. लाव म्हणतोस, लगेच सोड म्हणतोस. वर्गातही असंच करतोस का?"

"मी सोड म्हणालेलो नाही."

"मग माझे कान वाजतायत का?"

"ते तुझ्या बायकोला विचार."

तो हसला नाही. खाली उतरला, मीटर लावून वायरी तपासल्या. सगळं ठीक. पुन्हा बसला. पुन्हा तेच. मी "लाव" म्हणायचो, लॉक लागायचं, आणि दोन श्वासांत उघडायचं. दर वेळी त्याचं एकच. तू सोड म्हणालास.

मी तापट माणूस नाही. पाढे चुकणाऱ्या मुलालाही मी कधी हात लावला नाही. पण त्या दुपारी माझाही तोल सुटत चालला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, बोटं सोललेली, आणि हा पुढे बसून मलाच खोटं पाडतोय.

मग मी शिक्षकाचा उपाय केला. "आता तो शब्दच नको. मी 'एक' म्हटलं की लाव. 'दोन' म्हटलं की उघड. दुसरं काही ऐकू आलं तर बटणाला हात लावायचा नाही."

"एक."

खट्.

मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

शेडमध्ये काही हललं नाही. पुढून आवाज नाही. लॉक लागलेलं...

बराच वेळ तसाच गेला. मग गारेगारचं दार उघडलं. तो मागे आला. माझ्याकडे न बघता फाळक्याकडे बघत राहिला.

"दादा," तो हळू म्हणाला, "तू आत्ता काही बोललास?"

"नाही."

"शपथ?"

"अरे, तोंड मिटून उभा आहे."

त्याने पॅन्टला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी बायको वैतागून म्हणाली, "तुमचा दोघा भावांचा काय पोरखेळ चाललाय? आत कोणाला कोंडलंय? केव्हाचं नुसतं सोड, सोड चाललंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"वहिनी," गारेगारने विचारलं, "आवाज कोणाचा होता? दादाचा?"

"यांचा कसा असेल? यांचा आवाज मला कळत नाही का?" मग खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

गारेगारने फाळका उघडला. टॉर्च मारला. हत्यारांची पेटी, तांब्याच्या नळीचं वेटोळं, गॅसची टाकी. दुसरं काही नाही. पेटी सरकवून पाहिली, नळी उचलून पाहिली. काही नाही.

"वारा असेल," मी म्हणालो. मुलांना मी सांगतो, आधी साधं कारण शोधा. पण शेडच्या दोरीवरचं फडकं जराही हलत नव्हतं.

"तू बस पुढे," तो म्हणाला. "मी मागे थांबतो."

मी पुढे बसलो. काचा वर केल्या. मागून त्याचा आवाज आला, "एक." मी बटण दाबलं.

खट्.

गाडीत उकडत होतं. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. काही होत नाही, असं मनात म्हणालो...

आणि पाठीमागून, अगदी सीटच्या मागून, पत्र्याला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

"सोडा."

दबलेला. थकलेला. मोठ्या माणसाचा होता की पोराचा, तेही कळलं नाही.

सोड नव्हे. सोडा.

इतका वेळ गारेगार बसला होता तेव्हा "सोड". मी बसलो तेव्हा "सोडा". म्हणजे जे कोणी आत होतं, त्याला बटणावर कोण बसलंय ते ठाऊक होतं. आणि त्याला मोठ्यांशी कसं बोलायचं तेही ठाऊक होतं.

मी बटण दाबलं. खट्. धावत मागे गेलो, फाळका सताड उघडला.

"काय झालं?" गारेगार म्हणाला. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

मी उघड्या हौद्यात बघून म्हणालो, "सोडलं. ये बाहेर."

कोणी आलं नाही. येणार कोण? आम्ही फाळका लावला, लॉक केलं. लगेच, आता आम्हा दोघांनाही ऐकू आलं...

"सोडा."

पुन्हा उघडलं. पुन्हा रिकामं. किती वेळा उघडलं सांगता येणार नाही. शेवटी गारेगारने हातातला पाना जमिनीवर आपटला. "उघडलंय तर येत का नाही? आणखी किती उघडू?"



त्याने भंगारवाल्याला फोन लावला. स्पीकरवर.

"ते लॉक ज्या गाडीचं होतं ना, ती दाखवता का?"

"कशी दाखवू? तिचा गठ्ठा झाला. प्रेसखाली चेपली गेली. का, लॉक चालत नाही का?"

"चालतंय. गाडी कशी होती?"

"चांगली होती. मागे फायबरचा बंद टप, काळ्या काचा. फाळका तेवढा अडकला होता, उघडतच नव्हता. मग बाहेरून पत्रा कापला आणि लॉक काढून घेतलं."

"मग आत बघितलंत ना?"

"आत काय बघायचं? फाळका वाकून बसलेला. कोण जोर लावत बसणार? क्रेनने उचलली, थेट प्रेसमध्ये." तो हसला. "आत काय असणार, कचरा."

गारेगारने फोन बंद केला.

आम्ही इतका वेळ आमचा फाळका उघडत होतो. आवाज कुठल्या फाळक्याच्या आतून येत होता, ते आत्ता कळलं.

संध्याकाळच्या आत आम्ही लॉक काढलं. वायरी कापल्या. फाळक्याला जुनं कुलूप बसवलं. गारेगार आता हॉस्पिटलला पोचला की सगळी हत्यारं खांद्यावरून वर नेतो आणि संध्याकाळी तशीच खाली आणतो. कंबर धरली आहे. पण तक्रार करत नाही, आणि त्या दिवसाबद्दल बोलतही नाही.

लॉक माझ्याकडे आहे. बायको म्हणते, फेकून द्या. फेकायचं कुठे? भंगारातच ना? म्हणजे पुन्हा प्रेसखाली.

ते माझ्या टेबलावर ठेवलं आहे. वायर नाही, वीज नाही. आवाजही आता येत नाही. ते बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

पण मी रात्री त्याची लोखंडी जीभ उघडी ठेवून झोपतो, आणि सकाळी...

सकाळी ती लागलेली असते.

मी पेचकस घालतो. जोर लावून ती सोडवतो. मगच चहा घेतो.

पुढच्या आठवड्यात मुलीकडे चार दिवस राहायला जायचं आहे. बायकोने पिशव्या भरल्या आहेत. नातवाला मोटार बनवून दाखवायचं मी कबूल केलं आहे. मुलगी रोज फोन करून विचारते, बाबा, नक्की येताय ना?

मी अजून हो म्हटलेलं नाही. लॉक काही नातवाच्या घरात नेणार नाही.

चार दिवस ते कोण सोडवणार?