कधीच न काळवंडणारी काच

ही गोष्ट खरी आहे. खरी नसती तर मी तिचा शेवट जरा बरा केला असता.

हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं. मावशी अजून आहे, धडधाकट आहे, आणि हे सांगताना ती आवाज बारीक करत नाही की डोळे मोठे करत नाही. भाजी निवडता निवडता सांगते. मला त्या भाजी निवडण्याचीच जास्त भीती वाटते.

काळोखी रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. पण ज्या खोलीत हे घडलं, तिथे दुपार पोचत नसे.

मावशीच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, घर एका अरुंद गल्लीत होतं. पुढे दुकान, मध्ये दोन खोल्या आणि सगळ्यात मागे एक बिनखिडकीची खोली. भिंती काळ्या रंगवलेल्या. दाराच्या फटीलासुद्धा कापडाची पट्टी. ज्योत नीट पारखायची तर बाहेरचा उजेड नको, म्हणून ती सोय. तिचं नाव अंधारखोली.

सोय ताईच्या नवऱ्याची. गल्लीत त्यांना सगळे ‘संशोधक’ म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. शेवटी त्यांनी दुकानावर पाटीच तशी लावली.

जुन्या पद्धतीच्या तेलाच्या दिव्यांची रचना सुधारणं हा त्यांचा उद्योग. जग विजेचं बटण दाबून मोकळं झालं त्याला जमाना लोटला होता. संशोधकांचं म्हणणं, जगानं घाई केली. दिव्यात दोष होते, ते काढायचे सोडून माणसं पळाली. मग त्यांनी वात वर-खाली करायची चकती सुधारली. हवेची भोकं तिरकी केली. दिवा कलंडू नये म्हणून टाकीचं बूड जड केलं.

आणि मग त्यांना काचेची कल्पना सुचली.

ज्योतीच्या जरा वर काच आवळून घ्यायची. तिला कंबर काढायची. हवेला ओढ लागते, ज्योत उंच होते, उजेड पांढरा पडतो. कल्पना खरोखर चांगली होती. फक्त कंबरेखाली काजळी धरायची. ब्रश घातला तर काचेवर चरे पडत, आणि चरा पडलेली काच तापली की तडकते. तिथे हातच हवा. मऊ फडकं घेऊन आत जाणारा बारीक हात.

तो घरातच होता. लग्नात मिळालेला.

प्रत्येक नव्या नमुन्यात कंबर आणखी बारीक होत गेली.

“अहो, आता हात जात नाही हो,” ताई म्हणायची.

“जातो. अंगठा आत मुडप.”

एके दिवशी अंगठा मुडपून हात आत गेला, आणि बाहेर येईना.

“ओढू नकोस!” संशोधक म्हणाले. “साबण आणतो.”

साबण झाला. तेल झालं. गार पाणी झालं. हात सुजत गेला. शेजारीण दारातून ओरडली, “अहो, फोडा ना ती काच!”

“एकच नमुना आहे,” संशोधक म्हणाले. “जरा सूज उतरू दे.”

सूज उतरली नाही. शेवटी ताईनंच कळवळून हात टेबलावर आपटला. काच कंबरेत फुटली, आणि सगळी धार आतल्या बाजूला आली. मनगटावर.

डॉक्टर पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संशोधकांना फार वाईट वाटलं. तसा नमुना पुन्हा घडवायला त्यांना बरेच दिवस लागले.

मावशीच्या आईनं तिला तिकडे पाठवलं. “चार दिवस राहा गं. त्या माणसाला साधा चहा करता येत नाही.” चार दिवसांचे महिने झाले. चहा त्यांना आला नाही तो नाहीच.

पहिल्यांदा मावशीच्या लक्षात आली ती एक न दिसणारी गोष्ट.

नवा नमुना अंधारखोलीत सकाळपासून जळत असे. जेवायच्या वेळी संशोधक खोलीला कुलूप लावत, किल्ली खिशात टाकत. जेवून उघडलं की दिवा तसाच जळत असायचा...

आणि काचेवर काजळी नसायची.

जरासुद्धा नाही.

“जमलं!” संशोधक म्हणाले. “कंबरेचं माप जमलं!”

मावशीनं मान डोलावली. पण अंधारखोलीतल्या खुंटीवरचं फडकं तिनं सकाळी स्वतः धुऊन टांगलं होतं. आता ते...

काळंकुट्ट झालं होतं.

आणि कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संशोधकांना झोप लागल्यावर ती अंधारखोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आधी काहीच नाही. नळाचं पाणी ठिबकत होतं तेवढंच. मग तेही थांबल्यासारखं झालं, आणि आतून...

कुई... कुई...

ओल्या फडक्यानं काच पुसताना येतो, तोच आवाज. सावकाश. मन लावून केलेल्या कामाचा.

तिनं संशोधकांना हलवून उठवलं.

“भावजी, आत कुणीतरी आहे.”

“कोण असणार? किल्ली माझ्या खिशात आहे.”

“या तर खरं.”

त्यांनी दाराला कान लावला. बराच वेळ लावला. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता हे किंचाळणार, आता खाली बसणार, आता ताईचं नाव घेऊन रडणार...

संशोधकांनी कपाळाला आठी घातली.

“खालून वर पुसतेय,” ते म्हणाले. “तीच आहे. किती वेळा सांगितलं हिला, वरून खाली पूस.”

मावशी दारापासून मागे सरली. “तुम्हाला... काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. जिवंतपणी दुपारची झोपायची. आता बघ.”

त्याच संध्याकाळी त्यांनी नव्या दिव्याचं नाव ठरवलं. ‘कधीच न काळवंडणारी काच.’

हॉटेलांना सामान पुरवणारे एक गृहस्थ दिवा पाहायला आले. गल्लीत नंतर सगळे त्यांना हॉटेलवाला म्हणू लागले. मोकळेपणी बोलणारा माणूस. “आमच्या पाहुण्यांना सगळं जुनं आवडतं,” ते म्हणाले. “फक्त त्या जुन्याचा त्रास नको असतो.” त्यांनी जळता दिवा विझवला, काच निवू दिली, आत करंगळी फिरवून बघितली. करंगळी स्वच्छ बाहेर आली.

“काय जादू आहे ही?”

“रचना,” संशोधक म्हणाले.

ऑर्डर टेम्पोभर दिव्यांची होती. त्यातला प्रत्येक दिवा पेटवून दाखवायचा, मगच माल उचलायचा, अशी अट. अंधारखोलीत फळ्या ठोकल्या, त्यावर ओळीनं दिवे मांडले, सगळे एकदम पेटवले. दार लावलं.

कुई... कुई... कुई... कुई...

आता आवाजाला उसंत नव्हती. या टोकाकडून त्या टोकाकडे. मध्येच धाप लागल्यासारखा थांबायचा आणि दुप्पट घाईनं सुरू व्हायचा. दिवसाअखेर दार उघडलं तर पुढच्या ओळी लख्ख, मागच्या काळ्या. मावशी फडकं धुवायला बसली. काजळीचं पाणी काळं असतं. हे पाणी...

तांबूस होतं.

“एकटीला होत नाहीये,” संशोधक जेवताना म्हणाले. कामाच्या बाईबद्दल बोलावं तसं. मग त्यांनी मावशीला हात पुढे करायला सांगितलं. तिला वाटलं, काही वाढून हवंय. त्यांनी आपला अंगठा आणि मधलं बोट तिच्या मनगटाभोवती घातलं आणि जुळवून पाहिलं.

“तुझा तर तिच्याहून बारीक आहे,” ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला.

“भावजींनी तुला मागणी घातलीय. घरातल्या घरात होईल गं. माणूस पाहिलेला, व्यसन नाही, आता नावही होतंय.”

“आई, ताई त्याच घरात मेली.”

“म्हणून तर म्हणते. आता जपून वागेल तो.”

“आई, त्या खोलीतून आवाज येतात.”

“आवाज कुठल्या घरातून येत नाहीत? उगाच फाटे फोडू नकोस. मी होकार कळवलाय.”

मावशीनं फोन ठेवला. आता तिचं गाऱ्हाणं ऐकणारं एकच माणूस उरलं होतं.

दुपारी संशोधक आडवे झाल्यावर तिनं त्यांच्या खिशातली किल्ली काढली आणि अंधारखोलीत गेली. दार आतून लोटून घेतलं. सगळे दिवे जळत होते. खोली तापली होती. इतक्या ज्योती, पण एकही हलत नव्हती.

“ताई,” ती म्हणाली, “मी आहे गं.”

कुई... कुई...

थांबलं.

“ताई, पुसू नकोस. तुझ्या पाया पडते. काळं होऊ दे सगळं. दिवे काळे पडले की हॉटेलवाला परत जाईल. मग त्यांना माझ्या हाताची गरज लागणार नाही, माझं लग्न टळेल. आणि तूही सुटशील. सोड ना ते फडकं.”

खोलीत काहीच हललं नाही. मावशी सांगते, ती शांतता रागाची नव्हती. कुणीतरी ऐकून घेतंय, अशी होती. तिला रडू आलं. वाटलं, ताईनं ऐकलं.

मग मागच्या ओळीतून...

कुई.

एकदाच. मग शेजारच्या काचेवर एकदा. मग त्याच्या शेजारच्या.

आवाज पुढे पुढे येऊ लागला. मावशीनं डोळे पुसून नीट पाहिलं. काळ्या काचा पुसल्या जात होत्या. पण पूर्ण नाही. वरपासून खालपर्यंत पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ, रेघेच्या एका बाजूला काच लख्ख, दुसऱ्या बाजूला काळी.

अर्धी.

प्रत्येक काच अर्धीच.

शेवटच्या दिव्यापाशी आवाज थांबला. मावशीच्या पुढ्यात टेबलावर एक फडकं होतं. मघाशी नव्हतं. धुतलेलं, घडी घातलेलं, पिळून ठेवलेलं. ती बघत असतानाच ते...

तिच्याकडे सरकलं.

आणि तिच्या उजव्या हाताला गार काहीतरी लागलं. दुखावलं नाही. ओढलं नाही. लहान मुलाला शिकवावं तसं, अगदी मायेनं, कुणीतरी तिचा अंगठा...

तळव्यात मुडपला.

मावशी अनवाणी पळाली. सामान तिथेच टाकून, गल्लीतून, बाजारातून, थेट बसस्टँडपर्यंत. मैत्रिणीकडे गेली, त्या गावात नोकरी धरली. आई बोलेनाशी झाली. झाली तर झाली. लग्न मोडलं.

मावशी सुटली.

वर्षभरानं शाळेच्या दाखल्यांची गरज पडली. ते तिच्या बॅगेत, आणि बॅग त्या घरात. तिनं मन घट्ट केलं आणि सकाळच्या उजेडात दार वाजवलं.

दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. गोड चेहरा. हातातलं घड्याळ मनगटावरून निसटून पार कोपरापर्यंत सरकत होतं, आणि ती ते हसत हसत पुन्हा खाली ओढत होती.

“तुम्ही त्यांच्या मेहुणी ना? बॅग ठेवलीय मी नीट. या ना आत.”

“नको. घाईत आहे.”

मुलगी बॅग घेऊन आली. मग मागे वळून बघत, आवाज खाली आणून म्हणाली, “एक विचारू? तुम्ही इथे राहिलेल्या आहात. स्वभाव कसा आहे हो यांचा? माझ्या घरच्यांनी फार चौकशी केली नाही. म्हणाले, मुलगी बारीक आहे एवढंच बघतायत, हुंडा नको, काही नको.”

मावशीच्या ओठांवर सगळं आलं होतं. अंधारखोली, फडकं, सगळं. आतून किल्ल्यांचा जुडगा वाजला. हिला सांगितलं तर ही आज निघून जाईल. ही गेली की घरातली जागा रिकामी होईल. आणि आपला पत्ता तर आईकडे आहे...

“कामसू आहेत,” मावशी म्हणाली.

बॅग उचलली आणि निघाली.

त्यानंतर कामानिमित्त त्या भागात गेली तेव्हा पाय आपोआप गल्लीत वळले. दुपारची वेळ. दुकान बंद. बाहेरून कुलूप. शेजारीण घर सोडून गेलेली. मावशी नुसती उभी राहिली.

आतून, लांबून, पण स्पष्ट...

कुई... कुई...

आणि त्याच्या मागोमाग दुसरा. कच्चा, घाईचा, नवशिक्या हाताचा.

कुईकुईकुई...

“अरे वा! तू?” मागून संशोधक आले. अंगावर नवा कोट, हातात पिशवी. “बऱ्याच दिवसांनी!”

“तुमच्या मिसेस कुठे आहेत?” मावशीनं विचारलं.

“माहेरी.”

“कधी येणार?”

संशोधकांनी कुलपात किल्ली घातली. आतले दोन्ही आवाज एकदम थांबले.

“ती आता यायची नाही,” ते म्हणाले. “पण काम अडत नाही.”

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मावशी पोलिसांकडे गेली नाही. काय सांगणार होती? त्या मुलीचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

दिवे आजही विकले जातात. मोठमोठ्या हॉटेलांत टेबलांवर दिसतात, काचा लख्ख असतात. मागणी वाढतेय म्हणे. संशोधक स्थळ शोधतायत, असंही मध्यंतरी कानावर आलं.

हे सगळं ऐकून मी मावशीला विचारलं, “त्या दिवशी दारात तू तिला खरं सांगितलं असतंस तर?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. जरा आश्चर्यानंच.

“तर तीही अशीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून ही गोष्ट सांगत असती,” ती म्हणाली. “त्यात दुसरा आवाज माझा असता.”

तेव्हापासून मला त्या मुलीचं नाव शोधून काढावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी मी ते उद्यावर ढकलतो.